जुलैत टिकेल ती बॅटरी

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्यात बॅटरीची परीक्षा एप्रिलमध्ये होत नाही, जुलैत होते. एप्रिलमध्ये ऊन रखरखीत असतं, पॅनेल दुपारपर्यंत बॅटरी भरून टाकतं आणि कसलीही बॅटरी रात्रभर दिवा लावून दाखवते. उद्घाटनंही याच दिवसांत होतात, कारण निधी मार्चअखेर खर्ची पडलेला असतो. मग जूनमध्ये डोंगरावर ढग बसतात ते गणपतीपर्यंत उठायचं नाव घेत नाहीत. दोन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस, त्यात झाडं तारांवर पडतात, लाइट जाते. ज्या दिवसांसाठी बॅटरी घेतली, नेमक्या त्याच दिवसांत ती बसते.

म्हणून आधीच सांगून टाकतो. सुरगाणा, पेठ, कळवणच्या डोंगरी पट्ट्यात शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र आणि पाड्यावरचे सौरदिवे यांच्यासाठी ॲसिडवाली बॅटरी घेणं आता थांबवा. लिथियम घ्या. लिथियममध्येही लिथियम आयर्न फॉस्फेट, बाजारात जिला एलएफपी म्हणतात ती. सर्वांत कमी दराच्या निविदेत ती हरते हे मला ठाऊक आहे. चूक बॅटरीची नाही, निविदेच्या मापाची आहे.

ॲसिडवाली बॅटरी मुळात वाईट नाही. गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती १८५९ साली बनवली आणि आजही गाडी सुरू करायला तीच लागते. नाशिक शहरातल्या दुकानात इन्व्हर्टरखाली ती वर्षानुवर्षं नीट चालते. लाइट तासभर जाते, परत येते, बॅटरी पुन्हा काठोकाठ भरते. भरलेली राहणं हीच तिची गरज आहे आणि सुरगाण्याच्या पावसाळ्यात नेमकी तीच भागत नाही.

वीज काढली की या बॅटरीच्या दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. लगेच पूर्ण चार्ज केलं तर ते विरघळतं. अर्धवट भरलेली बॅटरी दिवसच्या दिवस तशीच राहिली तर त्या सल्फेटचे खडे मोठे आणि घट्ट होतात, आणि मग कितीही चार्ज केलं तरी ते निघत नाहीत. तेवढी प्लेट कायमची गेली. दुसरी अडचण अशी की ही बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत बऱ्यापैकी भरते, पुढचा पाचवा हिस्सा मात्र अगदी सावकाश, कित्येक तास घेऊन भरते, आणि तेवढा वेळ तिला अखंड करंट हवा असतो. जुलैत ढगांच्या फटीतून तास-दोन तास उजेड पडला तर तो या शेवटच्या हिश्शापर्यंत पोचतच नाही. बॅटरी चार महिने अर्धपोटी राहते. नवरात्रात ऊन पडतं तेव्हा मेकॅनिक येऊन सांगतो, सेल गेला. सेल एका दिवसात जात नाही. तो सगळा पावसाळाभर जात असतो, आणि बघायला कुणी नसतं.

एलएफपीचं काम वेगळ्या तऱ्हेने चालतं. लिथियमचे आयन एका बाजूच्या फॉस्फेटच्या स्फटिकातून निघतात, दुसऱ्या बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात आणि वीज काढली की परत येतात. प्लेटांवर सल्फेट साचणं हा प्रकारच इथे नाही. ती अर्धी भरलेली राहिली तर तिचं काही बिघडत नाही, उलट सतत शंभर टक्के भरून ठेवण्यापेक्षा तिला ते मानवतं. मिळेल तेवढं ऊन ती झपाट्याने घेते. ॲसिडवालीत शंभर घातले तर पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात, हिच्यात पंच्याण्णवच्या आसपास. मे महिन्यात हा फरक कुणाला जाणवणार नाही. पॅनेल जेव्हा दिवसभरात रोजच्या विजेचा चौथा हिस्साच देतं, तेव्हा त्या पंधरा-वीस टक्क्यांत एका खोलीचा रात्रभराचा दिवा असतो. नऊ वॅटचे दोन एलईडी दिवे पाच तास लावले तरी नव्वद वॅट-तासच लागतात. एवढी किरकोळ वीज, पण ती वाटेतच उष्णता होऊन उडून गेली तर अंधार ठरलेला.

आता पैशाचं बोलू. बाजारात सर्रास खपते ती १५० एएचची, म्हणजे अँपिअर-तासांची, ॲसिडवाली ट्युब्युलर बॅटरी. १२ व्होल्टने गुणलं तर १.८ युनिट वीज. पण ते दीडशे एएच सहसा वीस तासांत सावकाश वीज काढली तर मिळतात, घाईने काढली तर कमी. शिवाय तिला आयुष्य हवं असेल तर रोज निम्म्याहून खाली उतरवू नये, म्हणजे कामाची वीज ०.९ युनिट. एलएफपी १०० एएचची घ्या. १२.८ व्होल्टने १.२८ युनिट, त्यातली ऐंशी टक्के बिनधास्त वापरा, झाली एक युनिटच्या थोडी वर. आकड्याने लहान दिसणारी बॅटरी रात्रीला जास्त वीज देते. निविदेत मात्र एएचसमोर एएच लावतात आणि १०० हा १५० पुढे कमी ठरतो.

समजा ट्युब्युलर १५ हजारांना मिळाली आणि नीट सांभाळून १,२०० रात्री चालली, तर साठवलेल्या प्रत्येक युनिटचा बॅटरीखर्च चौदा रुपयांच्या जवळ जातो. दोन पावसाळ्यांनी तिला खाल्लं आणि ती ५०० रात्रींतच संपली, तर तेहतीस रुपये. एलएफपीला दुप्पट, म्हणजे ३० हजार मोजले आणि ३,००० रात्री धरल्या, तर दहा रुपयांच्या आत. तीन हजार हा फुगवलेला आकडा नाही, चांगले एलएफपी सेल त्याहून जास्त चालतात. भाव दुकानागणिक बदलतील, तुम्ही आपल्या गावातले घाला. उत्तर फार हलणार नाही. जगभरात लिथियम बॅटरीची किंमत २०१० मध्ये एका युनिटच्या साठवणीला हजार डॉलरच्या वर होती, २०२४ मध्ये ब्लूमबर्गच्या पाहणीत ती सरासरी ११५ डॉलरवर आली. दहा वर्षांपूर्वी लिथियम मागणं चैन होती. आज ॲसिडवाली घेणं महाग आहे.

आणि या हिशेबात वाहतूक अजून आलेलीच नाही. ती उंच ट्युब्युलर बॅटरी ॲसिडसकट पंचावन्न-साठ किलोची. ती आडवी करता येत नाही, हिसका बसला तर ॲसिड सांडतं. एलएफपी बारा-तेरा किलोची. ज्या पाड्यांवरून आजारी माणसाला पावसाळ्यात अजून डोलीत घालून खाली आणावं लागतं, तिथे साठ किलोचं ॲसिड खांद्यावरून वर न्यायचं आणि तीन वर्षांनी मेलेलं खांद्यावरूनच खाली आणायचं. खाली आणतं कोण? ते तिथेच शाळेच्या व्हरांड्यात पडून राहतं. बारा किलोची पेटी एक माणूस पाठीवर टाकून चढतो.

मग पाण्याचा प्रश्न. ॲसिडवाल्या बॅटरीला दर दोन-तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर लागतं. विहिरीचं चालत नाही, हंड्यातलंही नाही, त्यातल्या क्षारांनी प्लेटा खराब होतात. टर्मिनलवर पांढरं साचतं, ते पुसावं लागतं. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, म्हणून खोलीला हवा लागते. हे सगळं करायचं कुणी? गुरुजींची बदली होते. अंगणवाडीताईंच्या अंगावर आधीच किती कामं आहेत ते त्यांनाच विचारा. ठेकेदार नाशिकला. पाण्याची बाटली बोरगाव किंवा सुरगाण्याच्या बाजारातून आणायची तर ते पैसे कोणत्या खात्यातून, याचं उत्तर शाळेच्या कागदांत नसतं. एलएफपीला पाणी लागत नाही. एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी तिला मत दिलं असतं.

इथे एक गोष्ट मान्य करायलाच हवी. जिथे सांभाळणारी माणसं नेमली तिथे ॲसिडवाली बॅटरीही चालली. छत्तीसगडने आपल्या सरकारी ऊर्जा संस्थेमार्फत, म्हणजे क्रेडामार्फत, शेकडो आरोग्य केंद्रांवर सौर यंत्रणा बसवल्या आणि त्यांच्यामागे देखभालीची माणसं उभी केली. सीईईडब्ल्यू या दिल्लीच्या अभ्यास संस्थेने २०१७ मध्ये तिथली प्राथमिक आरोग्य केंद्रं तपासली. सौर असलेल्या केंद्रांत महिन्याला होणारी बाळंतपणं सौर नसलेल्या केंद्रांच्या जवळजवळ दुप्पट निघाली. आपल्याकडे २०१२ मध्ये पुण्याच्या ग्राम ऊर्जा संस्थेने जुन्नरच्या डोंगरातल्या दरेवाडीत चाळीसेक घरांसाठी नऊ-साडेनऊ किलोवॅटचं छोटं सौर वीजजाळं उभं केलं. तेव्हा लिथियम परवडण्याचा प्रश्नच नव्हता. पण तिथे पहिल्या महिन्यापासून घराघरांत मीटर होते, लोक वापराप्रमाणे पैसे भरत होते आणि ते पैसे गावाच्या न्यासाकडे पुढच्या देखभालीसाठी जमा होत होते. ज्याला पुढच्या बॅटरीचा विचार करावा लागतो तो आजची बॅटरी सांभाळतो. सुरगाण्यात सरकारने हीच व्यवस्था पाड्यापाड्यावर उभी केली तर मी ॲसिडवालीला विरोध करणार नाही. तशी व्यवस्था उभी राहत नाही, म्हणूनच कमी सांभाळावी लागणारी वस्तू हवी. २०१७ च्या सौभाग्य योजनेत तार न पोचणाऱ्या घरांना २०० ते ३०० वॅटचं पॅनेल, बॅटरी, पाच दिवे, एक पंखा असा संच ठरला होता आणि सोबत पाच वर्षांची देखभाल. ती पाच वर्षं संपली. पुढे काय, हे त्या योजनेत लिहिलेलं नव्हतं.

बॅटरीने दगा दिल्याची किंमत जगाने लसींच्या बाबतीत आधीच मोजली आहे. १९८० च्या दशकापासून दुर्गम दवाखान्यांत सौर फ्रीज बसवले गेले. पॅनेल टिकली, फ्रीज टिकले, शिशाच्या, म्हणजे ॲसिडवाल्या, बॅटऱ्या मात्र तीन-चार वर्षांत बसल्या आणि बदलायला पैसे नव्हते. त्यातून शेवटी बॅटरीच नसलेले फ्रीज निघाले. दिवसा पॅनेलच्या विजेवर पाणी गोठवून बर्फ करायचा आणि रात्री त्या थंडाव्यावर लस दोन ते आठ अंशांत ठेवायची. फ्रीजला हे जमतं. बाळंतपण रात्री अडीच वाजता आलं तर दिव्याला, बाळाला ऊब देणाऱ्या यंत्राला, ऑक्सिजन देणाऱ्या यंत्राला बर्फ चालत नाही. तिथे बॅटरी लागतेच, आणि ती जिवंत असलेलीच लागते.

लिथियमवर आक्षेप आहेत आणि ते ऐकून घेतले पाहिजेत. पहिला, आगीचा. मार्च २०२२ मध्ये पुण्यात एक इलेक्ट्रिक स्कूटर रस्त्याच्या कडेला पेटली, ती चित्रफीत सगळ्यांनी पाहिली आणि तेव्हापासून लिथियम म्हटलं की लोक दचकतात. लिथियम हे एका घराण्याचं नाव आहे, त्यात स्वभावाने वेगवेगळ्या बॅटऱ्या आहेत. गाड्यांत बऱ्याचदा निकेल, मँगनीज, कोबाल्टची बॅटरी असते, ती वजनाला हलकी आणि तापायला लवकर. एलएफपीतला ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, तो सहजी सुटत नाही, म्हणून ती तापून भडकण्याची शक्यता बरीच कमी. शून्य नाही. तिच्या पोटात बीएमएस नावाचं छोटं सर्किट असतं. एखादा सेल जास्त भरला, फार उतरला, तापला, तर ते वीज तोडतं. हे सर्किट स्वस्तातलं असेल तर बॅटरीही स्वस्तातलीच ठरते. जुन्या गाड्यांचे सेल काढून, नवं वेष्टण चढवून विकलेल्या पेट्या बाजारात येतात, त्यांपासून लांब राहा.

दुसरा आक्षेप दुरुस्तीचा. ॲसिडवाली तालुक्याच्या गावात उघडून बघता येते, लिथियमची पेटी सीलबंद. हे खरं आहे, आणि त्याला उपाय एकच, तालुक्यात दोन-चार पोरांना हे शिकवणं. आयटीआय आहेत, इलेक्ट्रिशियनचे वर्ग आहेत. बीएमएस बदलणं, चार्ज कंट्रोलरवर लिथियमचं सेटिंग लावणं, सेलचं व्होल्टेज तपासणं हे काही आठवड्यांत शिकण्यासारखं काम आहे. सेटिंगचा मुद्दा फार महत्त्वाचा. जुन्या ॲसिडच्या चार्जरवर नुसती लिथियम जोडून दिली तर ती एक तर पूर्ण भरणार नाही किंवा बीएमएस सारखं तोडत राहील, आणि मग गाव म्हणेल, नवी बॅटरीही फसवीच निघाली.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, भंगाराचा. मेलेली ॲसिडवाली बॅटरी भंगारवाला वजनावर विकत घेतो, कारण शिशाला भाव आहे. मेलेल्या लिथियमला पाड्यावर कुणी विचारत नाही. पण शिशाच्या या भावाची दुसरी बाजूही पाहा. त्या बॅटऱ्यांचा मोठा हिस्सा उघड्यावर फोडला जातो, ॲसिड जमिनीत ओततात, शिसं भट्टीत वितळवतात आणि धूर वस्तीवर जातो. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालाने जगातल्या ८० कोटी मुलांच्या रक्तात घातक पातळीचं शिसं असल्याचा अंदाज मांडला. त्यांतली २७ कोटींहून जास्त भारतातली. शिसं मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. डोंगरावरून खाली गेलेली बॅटरी कुठल्या तरी वस्तीतल्या मुलाच्या श्वासात जाते. केंद्राच्या २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी दोन्ही प्रकारच्या जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. मग परत घेण्याची अट करारात लिहायची आणि पावती मागायची. फुकट मिळतं आहे ते सोडायचं कशाला?

हे सगळं नाशिकला किंवा मुंबईला बसून ठरेल अशी वाट पाहू नका. डिसेंबर २०२२ मध्ये सुरगाण्याच्या सीमेवरच्या गावांनी आम्हाला गुजरातमध्ये जाऊ द्या असं निवेदन तहसीलदारांना दिलं, तेव्हा चार दिवस राज्यभर धावपळ झाली. रस्ते, दवाखाना, वीज, पाणी या मागण्या त्या लोकांनी हौस म्हणून केल्या नव्हत्या. पण बॅटरीसाठी एवढं टोक गाठायची गरज नाही. सुरगाणा तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात येतो. अशा क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिला आहे आणि २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीचे पाच टक्के थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळतात. आरोग्य आणि शिक्षणावर खर्च करायला त्यातून मुभा आहे. कोणती बॅटरी घ्यायची हे ग्रामसभा ठरावात लिहू शकते.

तर ठरावात हे लिहा. बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची असावी, बीएमएससह. मोजमाप एएचमध्ये नको, रोज रात्री वापरता येणाऱ्या युनिटमध्ये हवं. हमी वर्षांची असावी आणि भरण्या-उतरण्याच्या फेऱ्यांचीही, त्यात किती टक्के क्षमता उरली पाहिजे तेही. चार्ज कंट्रोलर लिथियमला जुळणारा. गावातल्या दोघांना शिकवण्याचा खर्च ठेकेदाराचा. पॅनेल पावसाळ्याच्या हिशेबाने मोठं घ्यावं, कारण बॅटरी वीज तयार करत नाही, आणि आठ दिवस ऊनच पडलं नाही तर लिथियमही रिकामी होईल. मेलेली बॅटरी परत नेण्याची लेखी जबाबदारी. आणि दहा टक्के रक्कम दुसरा पावसाळा संपेपर्यंत ग्रामपंचायतीच्या खात्यात राहील.

पंधरा ऑगस्टला ग्रामसभा असतेच. त्या दिवशी सरपंचांनी शाळेतल्या आणि उपकेंद्रातल्या बॅटरीचं व्होल्टेज सगळ्यांसमोर मोजून वहीत लिहावं, खाली ठेकेदाराच्या माणसाची सही घ्यावी. तो आला नाही तर गैरहजर असं लिहावं आणि राखून ठेवलेल्या दहा टक्क्यांचा धनादेश फाडू नये.